बहात्तर पटींनी लहान लिबरेटर

सुरतेहून जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर दोंडाईचा हे स्टेशन लागते. या स्टेशनात उभा असलेला जुन्या पद्धतीचा एखादा निळा डबा डोळ्यांसमोर आणा. त्याची लांबी साधारण २१ मीटर असते. असे दीड डबे एकापुढे एक उभे केले, तर जेवढी लांबी होईल त्याहूनही थोडे अधिक अंतर एका विमानाच्या पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होते. त्याचे धड जवळजवळ एका डब्याएवढे लांब होते. चार इंजिनांचे हे विमान म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमान बी-२४ लिबरेटर.

हे विमान आपल्याला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातील टेबलावर आणायचे आहे. तेही जाड कागद, बांबूच्या कामट्या, काडेपेटीच्या काड्या आणि खळ यांच्या मदतीने. काम पंधरा दिवसांचे आहे. त्यासाठी महागड्या खोक्यातले प्लॅस्टिकचे सुटे भाग विकत आणायची गरज नाही. मात्र पट्टी, पेन्सिल, थोडे गणित आणि पुष्कळ धीर लागेल.

भंगारातून उठलेले विमान

पण एवढी विमाने असताना लिबरेटरच का? याला दोन कारणे आहेत. पहिले कारण सोपे आहे. या विमानाचे धड गोल नळीसारखे नसून उभट पेटीसारखे आहे. त्याच्या बाजू बऱ्याच सपाट असल्यामुळे ते जाड कागदातून करता येते. दुसरे कारण त्याच्या इतिहासात आहे.

लिबरेटरचे पहिले उड्डाण २९ डिसेंबर १९३९ रोजी अमेरिकेत झाले. युद्धकाळात अशी अठरा हजारांहून अधिक विमाने तयार झाली. त्यांतील बरीच ब्रिटिश वायुदलाकडे आली आणि भारतातील तळांवरूनही उडाली. १९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा यांपैकी अनेक विमाने कानपूर येथे आणून ठेवण्यात आली. अमेरिकेने ती उसनवारीच्या करारावर दिलेली होती. करार असा, की विमाने परत करावीत, विकत घ्यावीत किंवा निकामी करावीत. तेव्हा जाण्यापूर्वी ब्रिटिशांनी ती निकामी केली. कुठे जड यंत्रांनी धडाला पोचे पाडले, कुठे उपकरणे फोडली, तर कुठे इंजिनांत वाळू टाकली.

स्वातंत्र्यानंतर आपल्या वायुसेनेजवळ एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हते. ती जबाबदारी बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीने घेतली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने १९४० मध्ये हीच कंपनी सुरू केली होती. कंपनीच्या तंत्रज्ञांनी कानपूरच्या भंगारातून त्यातल्या त्यात बरी विमाने निवडली. एकाचे चाक, दुसऱ्याची काच, तिसऱ्याचे उपकरण असे जुळवीत ती उडण्याजोगी केली. मग ती बंगळूरला नेऊन तिथे त्यांची पुरी दुरुस्ती करायची, असे ठरले. ही डागडुजी केलेली विमाने कानपूरहून बंगळूरला उडवीत नेण्याचे धाडसाचे काम वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी केले. अशी चाळीसच्या आसपास विमाने पुन्हा उभी राहिली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी वायुसेनेचे ५ क्रमांकाचे स्क्वॉड्रन लिबरेटर विमानांसह स्थापन झाले.

पुढे १९५१ मध्ये पुण्याला ६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडेही लिबरेटर आली. बॉम्ब टाकण्यासाठी बनलेले हे विमान आता समुद्रावर दूरवर टेहळणी करू लागले. १९६८ च्या अखेरीस ते वायुसेनेतून निवृत्त झाले. त्यांतील एचई ९२४ क्रमांकाचे विमान दिल्लीला पालम येथील वायुसेनेच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. दुसरे एक १९७४ मध्ये भारतातून ब्रिटनला संग्रहालयासाठी गेले, आणि गेले तेही स्वतः उडत! जगभरात आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी लिबरेटर शिल्लक आहेत; त्यांतील काही कानपूरच्या त्या भंगारातून उठलेली आहेत.

बाजारात मिळणाऱ्या मॉडेलच्या खोक्यावर बहुधा अमेरिकन चांदणी असलेले लिबरेटर असते. आपण मात्र आपल्या वायुसेनेचे लिबरेटर करू.

एक इंच म्हणजे सहा फूट

भूगोलाच्या तासाला तुम्ही नकाशाचे प्रमाण शिकला आहात. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. विमानांच्या मॉडेलसाठी १:७२ हे प्रमाण जगभर रूढ आहे. बहात्तर हा आकडा विचित्र वाटतो, पण तो फूट-इंचांच्या काळातला आहे. सहा फुटांचे इंच किती? बहात्तर. म्हणून या प्रमाणात एक इंच म्हणजे सहा फूट, आणि सहा फुटी उंच माणूस बरोबर एक इंचाचा!

आता लिबरेटरची मापे ७२ ने भागू.

पंखांचा एकूण विस्तार : खरा ३३.५ मीटर, मॉडेलमध्ये ४६.५ सें.मी.
धडाची लांबी : खरी सुमारे २०.५ मीटर, मॉडेलमध्ये २८.५ सें.मी.
पंखाची सरासरी रुंदी : खरी २.९ मीटर, मॉडेलमध्ये ४ सें.मी.
प्रॉपेलरचा, म्हणजे इंजिनापुढच्या फिरत्या पंख्याचा व्यास : खरा ३.५ मीटर, मॉडेलमध्ये ४.९ सें.मी.
मुख्य चाकाचा व्यास : खरा सुमारे १.४ मीटर, मॉडेलमध्ये २ सें.मी.

पंखाची लांबी आणि रुंदी यांची तुलना करून पाहा. लांबी रुंदीच्या साडेअकरा पट आहे! कावळ्याचे आखूड-रुंद पंख आणि समुद्रपक्ष्यांचे लांब-निमुळते पंख आठवा. लांब व अरुंद पंखाला हवेचा अडथळा कमी होतो आणि थोड्या इंधनात दूरचा पल्ला गाठता येतो. समुद्रावरील टेहळणीला लिबरेटर का उपयोगी पडले, याचे एक उत्तर या भागाकारात आहे. म्हणून मॉडेल करताना पंख जरा जरी रुंद झाला तरी ते विमान लिबरेटर वाटणार नाही.

सगळेच बहात्तर पटींनी लहान होते का?

इथे थांबून एक कोडे सोडवा. रिकाम्या लिबरेटरचे वजन सुमारे साडेसोळा टन होते. मग मॉडेलचे वजन किती हवे? साडेसोळा टन भागिले ७२, म्हणजे सुमारे २३० किलो? एवढ्या वजनाचे मॉडेल उचलायला चार पोती वाहणारे हमाल बोलवावे लागतील!

चूक कुठे झाली ते पाहा. लांबी ७२ पटींनी लहान होते. पण क्षेत्रफळात लांबी आणि रुंदी दोन्ही असतात. म्हणून ते ७२ × ७२ म्हणजे ५,१८४ पटींनी लहान होते. घनफळात लांबी, रुंदी आणि उंची अशी तीनही मापे असतात. म्हणून ते ७२ × ७२ × ७२ म्हणजे ३,७३,२४८ पटींनी लहान होते. वस्तू त्याच पदार्थाची असेल तर वजनही तेवढ्याच पटीने कमी होते. साडेसोळा टनांना या संख्येने भागले की उत्तर येते अवघे ४४ ग्रॅम. एका लहान अंड्याएवढे!

आपले कागदी मॉडेल साधारण १२० ग्रॅमचे होईल. आता उलटा हिशोब करा. ते जसेच्या तसे ७२ पटींनी मोठे केले तर त्याचे वजन सुमारे ४५ टन भरेल. खरे लिबरेटर बॉम्ब, इंधन आणि माणसे भरूनही तिसाच्या आसपास टनांचे होते. म्हणजे आपले हलके वाटणारे मॉडेल मुळात फारच बोजड आहे. याचे कारण जाडीत आहे. खऱ्या विमानाच्या अंगावरचा ॲल्युमिनियमचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा. तो ७२ पटींनी पातळ केला तर वहीच्या कागदाच्या सातव्या भागाएवढा होईल. उलट आपले पोस्टकार्ड ७२ पटींनी जाड केले तर १८ मिलिमीटरची फळी होते. अशा फळ्यांचे विमान कोण उडवील?

तेव्हा ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवू : मॉडेलमध्ये खऱ्या विमानाचे सर्व काही एका प्रमाणात उतरत नाही. आकार उतरतो, जाडी, वजन आणि ताकद उतरत नाही. मॉडेल करणाऱ्याने काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे पदोपदी ठरवावे लागते. चांगले मॉडेल आणि नुसते खेळणे यांतला फरक तिथेच पडतो.

खळ आणि कामटी

प्रथम लिबरेटरचे तीन बाजूंचे चित्र मिळवा : वरून, समोरून आणि बाजूने. इंटरनेटवर किंवा विमानांच्या पुस्तकांत ते मिळते. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि मोठ्या कागदावर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखून एकेका चौकटीतील रेषा उतरवा. पंखांचा विस्तार ४६.५ सें.मी. भरला की चित्र प्रमाणात आले.

धडासाठी जाड पुठ्ठ्याचे दहा-बारा आडवे छेद कापा. पावाच्या लादीचे काप असतात, तसे हे धडाचे काप. ते एका लांब पट्टीवर योग्य अंतरांवर उभे चिकटवा. मग त्यावर पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद बाजूंनी आणि वरून-खालून लावा. ब्लेडने कापताना लोखंडी पट्टी वापरा. बोटे पट्टीच्या मागे ठेवा.

चिकटवायला खळ करा. दोंडाईच्यात मक्यापासून स्टार्च काढण्याचा कारखाना आहे, हे तुम्हांपैकी काहींना ठाऊक असेल. किराणा दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळते तेही मक्याचे स्टार्चच. दोन चमचे कॉर्नफ्लोअर अर्धी वाटी गार पाण्यात कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला गंमत दिसते : दुधासारखे पातळ पाणी एकाएकी घट्ट आणि अर्धपारदर्शक होते. स्टार्चचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात, म्हणून असे होते. बुकबाइंडर अशा खळीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. ते घालायचे असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखालीच घाला. लाकूड आणि कामट्या जोडायला मात्र फेव्हिकॉल बरे.

खळीत पाणी असते. ती कागदाच्या एकाच बाजूला लावली की ती बाजू फुगते आणि कागद वळतो. म्हणून पंखाचे कागद चिकटवल्यावर जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा. पंखाच्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पतंगाला लावतात तशी बांबूची कामटी घाला. तीच पंखाचा कणा. तिच्यामुळे पंख मधोमध फुगीर आणि मागच्या कडेला धारदार होईल. लिबरेटरचा पंख धडाच्या वरच्या अंगाला बसवलेला आहे, हे विसरू नका.

इंजिनांची तोंडे गोल नाहीत; दोन्ही बाजूंना फुगलेली, आडवी लंबगोल आहेत. प्रत्येक इंजिनात चौदा सिलिंडर होते. सात पुढे आणि सात मागे असे ते दोन कड्यांत बसवलेले होते. समोरून आपल्याला पुढचे सात दिसतात. काडेपेटीच्या काडीचे सात तुकडे चक्राच्या आऱ्यांसारखे लावा आणि प्रत्येकावर बारीक काळा दोरा गुंडाळा. खऱ्या सिलिंडरवर उष्णता बाहेर टाकण्यासाठी पातळ पापुद्रे असतात. दोऱ्याचे वेढे हुबेहूब तसेच दिसतात. प्रत्येक प्रॉपेलरला तीन पाती करा.

शेपटीला दोन्ही टोकांवर उभ्या लंबगोल पाट्या आहेत. नाकाच्या आणि वैमानिकाच्या खिडक्यांसाठी शर्टाच्या खोक्यावरचे पारदर्शक प्लॅस्टिक चालेल. पोटाखालचा बॉम्बकक्षाचा दरवाजा मात्र नीट पाहा. तो कपाटाच्या दारासारखा बाहेर उघडत नव्हता. बाजारातल्या दुकानाच्या शटरसारखा धडाच्या बाजूवर सरकत वर जाई. त्यामुळे उडताना दरवाजा उघडला तरी वाऱ्याला अडथळा फारसा वाढत नसे. दरवाजा उघडा दाखवायचा असेल तर आतली मधली अरुंद फळीही दाखवा. तिच्यावरूनच विमानातील माणसे पुढून मागे जात.

शेपटीवर बसणारे विमान

चाके लावून मॉडेल टेबलावर ठेवा. बहुतेक वेळा ते नाक वर करून शेपटीवर बसेल! काहीतरी बिघडले, असे समजू नका. यामागे पदार्थविज्ञान आहे.

लिबरेटरला नाकाखाली एक आणि पंखांखाली दोन अशी तीन चाके आहेत. विमान तीन चाकांवर उभे राहायचे तर त्याचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या आसाच्या पुढे हवा. खऱ्या विमानात प्रत्येकी अर्ध्या टनाहून जड अशी चार इंजिने पंखाच्या पुढच्या कडेला बसवलेली होती. आपली इंजिने आहेत पोकळ कागदाची. शेपूट मात्र तेवढीच लांब. आकार तोच, पण वजनाची वाटणी बदलली. खरे लिबरेटरही या बाबतीत काठावरच होते. त्याच्या शेपटीखाली एक टेकण होते, आणि जमिनीवर असताना मागच्या भागात जास्त माणसे जमली तर तेसुद्धा नाक वर करी.

आता सी-सॉचा नियम लावू. दोन पेन्सिली दोन्ही पंखांखाली धरून मॉडेल समतोल राहील अशी जागा शोधा. तिथे गुरुत्वमध्य आहे. समजा, तो मुख्य चाकांच्या आसाच्या १.५ सें.मी. मागे निघाला आणि मॉडेलचे वजन १२० ग्रॅम आहे. मागे खेचणारा परिणाम झाला १२० × १.५ = १८०. नाकातील रिकामी जागा आसाच्या ९ सें.मी. पुढे आहे. तिथे ठेवलेले वजन गुणिले ९ याचे उत्तर १८० पेक्षा अधिक यायला हवे. म्हणजे २० ग्रॅमपेक्षा थोडे जास्त वजन पुरे.

हे वजन म्हणून सायकलचे छर्रे वापरा. पाव इंची छर्रा साधारण एक ग्रॅमचा असतो. पंचवीस छर्रे फेव्हिकॉलमध्ये कालवून नाकात बसवले की झाले. शिसे वापरू नका. ते विषारी आहे. आणि ही सगळी आकडेमोड नाक बंद करण्यापूर्वी करा! मॉडेल दोऱ्याने तात्पुरते बांधून, छर्रे कागदाच्या पुडीत घालून, आधी समतोल साधून पाहा.

किती तपशील दाखवावा?

आता सर्वांना आवडणारा भाग : बारकावे. पत्र्यांचे सांधे, रिबिटांच्या रांगा, झाकणे, धुराचे डाग. इथेच मोह होतो आणि इथेच मॉडेल बिघडते.

मोसमात दोंडाईच्याच्या बाजूला लाल मिरचीच्या पथारी वाळत घातलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. पथारीच्या कडेला बसले की एकेक मिरची, तिचे देठ, तिच्या सुरकुत्याही दिसतात. रस्त्यावरून पाहिले तर फक्त लाल पट्टा दिसतो. मिरच्या तितक्याच आहेत. अंतराने बारकावे गिळले. चित्रकाराने तो लांबचा पट्टा रंगवताना एकेक मिरची काढली तर चित्र खरे होणार नाही, खोटेच होईल.

मॉडेल आपण साधारण ३० सें.मी. अंतरावरून पाहतो. बहात्तराने गुणा. म्हणजे खरे विमान सुमारे २१.६ मीटर अंतरावरून पाहण्यासारखे झाले. निरोगी डोळ्याला एक मीटरवरून साधारण ०.३ मिलिमीटर अंतरावरची दोन टिंबे वेगळी दिसतात. या हिशोबाने २१.६ मीटरवरून साडेसहा मिलिमीटरच्या आतला बारकावा दिसणार नाही. रिबिटचे डोके तर काही मिलिमीटरचेच. म्हणजे मॉडेलवर रिबिटे जवळजवळ दिसताच कामा नयेत! तशीच सांध्यांची गोष्ट. बोथट पेन्सिलीची अर्धा मिलिमीटर रेघ ७२ पटींनी मोठी करा : ३६ मिलिमीटर. ज्या विमानाच्या पत्र्यांत दोन बोटे जातील एवढ्या फटी आहेत, त्यात बसायला कोण तयार होईल? म्हणून सांध्यांसाठी कठीण, टोकदार पेन्सिल घ्या, हलका हात ठेवा, आणि तेही मोठ्या सांध्यांनाच.

रंगाचेही तेच. सातपुड्याचे डोंगर लांबून निळसर आणि फिके दिसतात, कारण मधली हवा त्यांचा रंग मवाळ करते. म्हणून मॉडेलचा रंग खऱ्या रंगापेक्षा किंचित फिका ठेवला की तो अधिक खरा वाटतो. अगदी काळ्याऐवजी गडद करडा, झगझगीत पांढऱ्याऐवजी जरा मळकट पांढरा घ्या. टायर, धूर, तेलाचे डाग यांना हा नियम विशेष लागू पडतो. धुराचा पट्टा इंजिनाच्या खालच्या अंगापासून मागे, वाऱ्याच्या दिशेने, फिकट होत गेला पाहिजे. डाग कुठेही टाकून चालणार नाही. काजळी बोटाने घासून तो छान उमटतो.

कोणत्या दिवसाचे विमान?

सर्वांत शेवटी चिन्हे आणि क्रमांक. भारतीय वायुसेनेचे लिबरेटर एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या वर्षीचे, हे विचारावे लागते.

१९४८ साली जी लिबरेटर वायुसेनेत आली, त्या वेळी आपल्या विमानांवर निळ्या अशोकचक्राचे चिन्ह होते. १९५० पासून त्याच्या जागी तिरंगी वर्तुळ आले : बाहेर केशरी, मधे पांढरे आणि केंद्रस्थानी हिरवे. म्हणजे ५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनच्या पहिल्या दिवसाचे विमान करायचे असेल तर तिरंगी वर्तुळ चुकीचे. आणि पुण्याच्या ६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे करायचे असेल तर अशोकचक्र चुकीचे. एवढ्याशा गोलावरून जाणकार तुमची परीक्षा घेईल.

यासाठी एक चांगला नियम आहे. एकच विमान निवडा आणि त्याचाच फोटो समोर ठेवा. त्या फोटोत पोटाखाली बंदुकांचा मनोरा आहे का? क्रमांक किती मोठ्या अक्षरांत आहे? अंगाचा रंग रुपेरी आहे की दुसरा? ही विमाने अनेक विमानांच्या सुट्या भागांतून जुळवलेली होती, त्यामुळे एक लिबरेटर हुबेहूब दुसऱ्यासारखे असेलच असे धरून चालू नका. कामाची एक वही ठेवा. जे फोटोत प्रत्यक्ष दिसले ते शाईने लिहा. जे फोटोत दिसत नाही म्हणून अंदाजाने केले ते पेन्सिलीने लिहा. पुढे नवा फोटो मिळाला तर पेन्सिल खोडता येते.

आणि बॉम्ब?

प्रदर्शनात एखादा लहान मुलगा तुम्हाला नक्की विचारील : ‘‘दादा, हे विमान काय करायचं?’’ ‘‘बॉम्ब टाकायचं’’ एवढे सांगून पुढच्या टेबलाकडे वळता येईल. पण ज्या हातांनी पंधरा दिवस खपून बॉम्बकक्षाचा दरवाजा केला, त्यांनी त्या दरवाजातून काय बाहेर पडत होते तेही जाणून घ्यावे.

महायुद्धात बंगालमधील तळांवरून लिबरेटर ब्रह्मदेश आणि सयामपर्यंत जात. त्यांचे लक्ष्य असे जपानी सैन्याची रसद नेणारे रेल्वेमार्ग, पूल आणि बंदरे. त्यांतील एक होता ब्रह्मदेश-सयाम रेल्वेमार्ग. तो जपान्यांनी युद्धकैद्यांकडून आणि आशियाई मजुरांकडून जबरदस्तीने बांधून घेतला होता. त्या मजुरांत मलायातील हजारो तमिळ लोकही होते. मार्गालगतच कैद्यांच्या छावण्या होत्या. विमाने पुलावर बॉम्ब टाकीत, आणि काही वेळा ते छावणीवर पडून तेच कैदी मरत ज्यांची सुटका व्हावी म्हणून युद्ध चालले होते. विमानातील आठ-दहा जणांची स्थितीही वेगळी नव्हती. १ ऑगस्ट १९४३ रोजी रोमानियातील प्लोएश्ती येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांवर दीडशेहून अधिक लिबरेटर चालून गेली. त्या एका दिवसात पन्नासहून अधिक विमाने गमावली गेली.

हे सर्व १:७२ प्रमाणात दाखवता येत नाही. वजन जसे प्रमाणात उतरत नाही, तसेच हेही. म्हणून ते शब्दांत लिहावे लागते.

मॉडेलशेजारी पोस्टकार्डाएवढे एक कार्ड ठेवा. त्यावर प्रमाण, खऱ्या विमानाची मापे, विमानाचा क्रमांक आणि वर्ष लिहा. हे विमान युद्धात कशासाठी वापरले गेले ते दोन ओळींत लिहा. ते कानपूरच्या भंगारातून कसे उठले आणि पुण्याहून समुद्रावर कशासाठी जाऊ लागले ते आणखी दोन ओळींत. शेवटी वहीतल्या पेन्सिलीच्या नोंदी उतरवा : मॉडेलमधील कोणते भाग अंदाजाने केले आहेत, त्यांची यादी. कार्डाजवळ जाड कागदाचा २.४ सें.मी. उंचीचा एक माणूस उभा करा. पाहणाऱ्याला पंखाखाली उभे राहिल्यावर काय वाटत असेल, ते त्या माणसाकडे पाहून समजेल.

शिक्षकांसाठी

हा प्रकल्प आठवी ते दहावीच्या चार-पाच विद्यार्थ्यांचा गट करून घेता येईल. एकाने चित्र व मापे, दोघांनी बांधणी, एकाने समतोलाचा हिशोब आणि एकाने वही व कार्ड सांभाळावे. पुढील प्रश्न वर्गात सोडवून घ्यावेत.

१. १:४८ प्रमाणात हेच मॉडेल केले तर पंखांचा विस्तार किती होईल? त्याला कागद किती पट लागेल?
२. त्याच पदार्थाचे आणि प्रमाणशीर जाडीचे १:४८ चे मॉडेल १:७२ च्या मॉडेलपेक्षा किती पट जड असेल?
३. नाकातील वजन ९ ऐवजी ६ सें.मी. पुढेच ठेवता आले तर किती छर्रे लागतील?
४. एक मीटर अंतरावरून १:७२ चे मॉडेल पाहणे म्हणजे खरे विमान किती अंतरावरून पाहणे? त्या अंतरावरून किती मिलिमीटरचा बारकावा दिसेल?
५. तुमच्या शाळेच्या इमारतीची लांबी दोरीने मोजा. १:७२ प्रमाणात ती लिबरेटरशेजारी ठेवली तर कोण मोठे ठरेल?